शरणागतीची कलमं

गांगुर्डे सर मला आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाचा गैरसमज नको. आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर मेसेज आलाय, की सरांना पंचाहत्तर पूर्ण होतायत, गौरवांक काढायचाय, प्रत्येकानं आठवणी पाठवा, पाचशे शब्दांत, आणि शक्यतो चांगल्याच पाठवा. शक्यतो चांगल्याच, असं ज्यानं लिहिलंय त्यालाही काहीतरी माहीत असणार. मी तिकडं काही पाठवणार नाही. पण मेसेज वाचल्यापासून डोकं ठणकतंय, म्हणून इथं लिहून मोकळा होतो.

दिसायला माणूस एकदम साधा. किरकोळ अंगकाठी, मे महिन्यातसुद्धा मनगटापर्यंत बटणं लावलेला इस्त्रीचा शर्ट आणि पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. खांद्याला एक रेक्झिनची बॅग, कुठल्याशा शिक्षक शिबिरात मिळालेली, तिची चेन अर्ध्यात अडकायची. बॅगेत रेघांचे फुलस्केप कागद, लिहायचं पॅड, तीन पेनं आणि अंगठ्यासाठी शाईची डबी. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ही बॅग सुटलेली नाही. नाशिकरोडला भाजी घ्यायला निघाले तरी खांद्याला तीच.

शाळेत आम्हाला ते इंग्रजी शिकवायचे. त्यांचा एक शब्द होता, हेडिंग. वर्गात कुणी रडत आलं, "सर, यानं मला मारलं," तर सर आधी खडू उचलायचे आणि विचारायचे, "हेडिंग काय घालू? मारामारी, का चिडवाचिडवी?" पोरगं रडायचं विसरून विचार करायला लागायचं. मग सर फळ्यावर हेडिंग टाकून खाली एक, दोन, तीन असे मुद्दे लिहायचे. तिसऱ्या मुद्द्यापर्यंत दोघांचाही राग उतरलेला असायचा. आम्हाला फार मजा वाटायची. मीही हसायचो, खोटं कशाला बोलू.

शब्दाचा अर्थ ते कधी सरळ सांगत नसत. आधी त्याची सोयरीक काढायचे. हा शब्द मूळचा कुठला, याचा बाप कोण, कुठल्या कुठल्या देशातून फिरून आला, आणि एवढं सगळं झाल्यावर अर्थ. नववीत एका धड्यात किल्ला पडतो आणि आतली फौज शरण जाते, तिथं कॅपिट्युलेट असा शब्द होता. त्या एका शब्दावर सरांनी आख्खा तास खाल्ला.

"शरण जाण्याला इंग्रजीत शब्द पुष्कळ," सर म्हणाले. "यील्ड आहे. त्याचा मूळ अर्थ देणं देऊन टाकणं. सरेंडर आहे. ते फ्रेंचांकडून आलं, हातातलं दुसऱ्याच्या स्वाधीन करणं. पण कॅपिट्युलेटचं खानदान वेगळं. लॅटिनमध्ये कापुत म्हणजे डोकं. त्याचं धाकटं रूप कापितुलुम, म्हणजे छोटं डोकं. कागदावरचं छोटं डोकं म्हणजे काय?"

"हेडिंग," सगळा वर्ग एका सुरात.

"शाब्बास. तर कॅपिट्युलेट करणं म्हणजे मुळात हरणं नव्हेच. हेडिंगं घालून एकेक कलम पाडणं, अटी ठरवणं. किल्ल्यातला माणूस दार उघडतो, पण उघडण्याआधी कागद करतो. बायकामुलांना हात लागणार नाही. जखमींना औषध मिळेल. सैनिक आपलं निशाण घेऊन बाहेर पडतील. पुढं लोक कागद विसरले आणि शब्दाला नुसती शरणागती चिकटली. पण तुम्ही लक्षात ठेवा. हरायचं तर हेडिंग घालून हरावं."

मी विचारलं, "सर, आत शिरल्यावर त्यांनी कागद पाळलाच नाही तर?"

"मग जिंकलेला माणूस लबाड ठरतो."

"पण आतल्या लोकांचं काय होतं?"

सरांनी हातातला खडू ठेवला, बोटं झटकली आणि म्हणाले, "तो इतिहासाचा विषय. आपला इंग्रजीचा तास आहे."

वर्ग हसला आणि मी खाली बसलो. घरी जाऊन मी ही किल्ल्याची गोष्ट वैशूला सांगितली. वैशू म्हणजे वैशाली, माझी धाकटी बहीण. तिला मी शाळेतलं सगळं सांगायचो आणि तिला ते सगळं लक्षात राहायचं, माझ्यापेक्षा जास्त.

आता सर बैठकीतले कसे झाले ते सांगतो. बैठक म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. घरातलं भांडण पोलिसात नको, कोर्टात नको, म्हणून दोन्हीकडची चार माणसं सतरंजीवर बसवायची आणि मिटवायचं. आमचे चुलते मखमलाबादला फुलं आणि भाजीपाला पिकवतात. त्यांची आणि त्यांच्या चुलतभावाची एकच विहीर, आणि पाण्याच्या पाळीवरून एकदा कोयते निघायची वेळ आली होती. कुणीतरी सरांना बोलावलं. सर बॅग घेऊन गेले, विहिरीच्या कठड्यावर बसले, आणि हेडिंगं घातली. पाळी. मोटर. दुरुस्ती. लाईट गेली तर. एवढं साधं, पण "लाईट गेली तर" हे हेडिंग तोपर्यंत कुणाला सुचलं नव्हतं आणि सगळं भांडण नेमकं त्याच्यावरच होतं. दोघा भावांनी सह्या केल्या. आजतागायत ते पाणी त्या कागदाप्रमाणं वळतं. हे मी कबूल करतो, राग आपल्या जागी. मग नवरा-बायकोच्या भांडणातही सरांनाच बोलावणं यायला लागलं.

सरांनी कधी कुणाकडून एक पैसा घेतला नाही, हेही कबूल करतो. उलट घेतला असता तर बरं झालं असतं. पैसे घेणाऱ्या माणसाला तोंडावर बोलता येतं. फुकट भलं करणाऱ्याला कोण बोलणार?

एक नेम होता त्यांचा. सह्या झाल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. यजमानांनी कितीही आग्रह करू दे, सर हात वर करायचे, "आधी काम." सगळ्या सह्या झाल्या, कागदाची घडी झाली, की मग बॅगेची चेन ओढत म्हणायचे, "हां, आता येऊ द्या चहा." नात्यातल्या बायांना हे पाठ होतं. आत ओट्यापाशी उभ्या राहून त्या कान देऊन ऐकायच्या. बाहेरून चहाची हाक आली की समजायचं, मिटलं.

वैशूचं लग्न कळवणला करून दिलं होतं. मुलाचं बसस्टँडजवळ कृषी सेवा केंद्र, घर भरलेलं, शेती. माझे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून नुकतेच निवृत्त झालेले. निवृत्त माणसाला मुलीचं लग्न उरकल्याचं जे समाधान असतं ते त्यांना सात महिने मिळालं. सातव्या महिन्यात वैशू एक पिशवी घेऊन एसटीनं आली. गालावर वळ होता. म्हणाली, "मला परत जायचं नाही." त्याच्यापुढं काही बोलली नाही.

तिला परत जावं लागणार का नाही, एवढा एकच प्रश्न होता. आई रात्रंदिवस तोच घोकत होती. वडील मूग गिळून बसले होते. मग एके दिवशी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून ते बाहेर पडले आणि आल्यावर म्हणाले, "रविवारी सर येतायत."

रविवारी दहा वाजता कळवणची मंडळी दोन गाड्या भरून आली. जावई भिंतीला टेकून मोबाईल बघत बसला. व्याही मात्र बोलके. "सर, आमच्याकडं लय मोठं घर हाय. पोरीला कशाचं कमी नाय. नवराबायकोत भांड्याला भांडं लागतंच की."

"हेडिंग सांगा," सर म्हणाले.

सरांनी मला जवळ बोलावलं. "तुझं अक्षर वळणदार आहे. शाळेत बक्षीस मिळालंय तुला. बस, तू लिही." मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा घोडा होतो, अंबडला एका कंपनीत सुपरवायझर होतो, माझ्या हाताखाली चौदा माणसं काम करत होती. पण सरांनी पॅड पुढं केलं आणि मी मांडी घालून बसलो.

लिहायच्या आधी सरांनी सगळ्यांना किल्ल्याची गोष्ट सांगितली. तीच, नववीतली. लॅटिन, छोटं डोकं, निशाण घेऊन बाहेर पडणारे सैनिक. कळवणची माणसं माना डोलवत होती. "इथं कुणी हरत नाही," सर म्हणाले. "आपण कलमं पाडतोय." माझ्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या माणसाच्या बोलण्यात काय होतं कुणास ठाऊक, पण त्यानं मुलीच्या बापाला क्षणभर किल्लेदार केलं, आणि म्हणूनच तो मला जास्त डोक्यात जातो.

मग हेडिंगं. वागणूक. माहेरी येणं-जाणं. मोबाईल. नोकरी. सर सांगायचे, मी लिहायचो. सरांचा कटाक्ष असायचा की प्रत्येक कलमात दोन्ही बाजूंनी काहीतरी सोडलं पाहिजे, तरच कागद टिकतो. म्हणून वागणुकीखाली असं आलं की जावई हात उचलणार नाहीत आणि मुलगी उलट उत्तर देणार नाही. माहेरी ती सणाला येईल, मात्र सासरच्यांच्या सोयीनं. मोबाईल तिच्याकडं राहील, मात्र तो घरातल्या सगळ्यांना बघता येईल. वैशू बी.एस्सी. झालेली, तिला लॅबमध्ये नोकरी करायची होती, तर तिथं लिहिलं, नोकरीचा विचार पहिल्या मुलानंतर. मी हे सगळं वळणदार अक्षरात लिहिलं. एकदाही माझा हात थांबला नाही.

सह्या झाल्या. जावयाची, व्याह्यांची, वडिलांची, साक्षीदार म्हणून दोन चुलत्यांच्या, आणि सगळ्यात खाली लेखनिक म्हणून माझी. सरांनी घडी घातली. "हां, आता येऊ द्या चहा."

चहाचा ट्रे घेऊन वैशूच बाहेर आली. आईनं तिला का पाठवलं माहीत नाही. वैशूनं सगळ्यांना कप दिले. सरांना दिला तेव्हा सर म्हणाले, "सुखात राहा." तिनं माझ्याकडं बघितलं, मी पॅडच्या क्लिपशी चाळा करत होतो. दुपारी ती कळवणला गेली.

सहा महिने बरे गेले, म्हणजे फोनवर तसं ती सांगायची. फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा लावून सांगायची, हे आम्हाला नंतर कळलं. दिवाळीनंतर ती आली ती डाव्या कानावर रुमाल धरून. नाशिकच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, पडदा फाटलाय आणि आतही दुखापत आहे, या कानानं आता फारसं ऐकू येणार नाही. तिला नीट ऐकू जावं म्हणून डॉक्टर हे मोठ्या आवाजात सांगत होते, आणि बाहेर बसलेले पेशंटसुद्धा ते ऐकत होते.

वडील कागद घेऊन कळवणला गेले, मी सोबत होतो. प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला कागद त्यांनी दुकानाच्या काउंटरवर ठेवला, वागणुकीच्या कलमावर बोट ठेवलं आणि जावयाला म्हणाले, "वाचा. तुमचीच सही आहे."

जावयानं वाचलं. अगदी शांतपणे वाचलं. मग म्हणाला, "त्याच्यापुढचं वाचा ना, मामा. मुलगी उलट उत्तर देणार नाही. आधी तिनं मोडलंय कलम, मग मी." आणि गिऱ्हाइकाला औषधाची बाटली द्यायला वळला. ते अक्षर माझं होतं. ती ओळ मी लिहिली होती, शाईच्या पेनानं, रेघ न सोडता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या घरी गेलो. भांडायलाच गेलो होतो. सर पूजेला बसले होते. त्यांच्या बायकोनं मला पोह्यांची बशी दिली आणि समोर बसल्या. बारीकशा, हसऱ्या बाई. मी काही खात नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "तू कळवणवाल्या मुलीचा भाऊ ना? मला कळलं." जरा थांबून हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी यांनी आमचाही कागद केला होता. सतरा कलमं. भिंतीला लावला होता, कॅलेंडरच्या शेजारी."

"मग?"

"मग काय. मी रोज हो म्हटलं आणि माझं मला करत गेले. त्यांनाही वाटलं, कागद चाललाय." त्यांनी पोह्यांची बशी माझ्याकडं सरकवली. "पण यांनी कधी हात उचलला नाही रे. तिथं हो म्हणून भागत नाही. तिला पाठवू नका."

एवढ्यात सर बाहेर आले आणि बाई उठून आत गेल्या. मी सरांना सगळं सांगितलं. कान, डॉक्टर, दुकान, जावयानं वाचून दाखवलेली ओळ. सरांनी डोळे मिटून ऐकलं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे कलमात फट राहिली. दोन गोष्टी एका वाक्यात घ्यायला नको होत्या. चूक माझी. आपण दुरुस्ती करू."

"सर, तिचा कान गेलाय."

"म्हणूनच दुरुस्ती करायची ना."

मी त्या घरातून बाहेर पडलो तेव्हा मला त्यांची कॉलर धरायची होती. धरली नाही. संस्कार म्हणा, शेपूट घातली म्हणा. माझ्या आयुष्यात मी इतका निगरगट्ट माणूस पाहिला नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला मनापासून वाटत होतं की तो आपली चूक मान्य करतोय.

दुसरी बैठक पुढच्याच रविवारी. पुन्हा दहा वाजता, पुन्हा दोन गाड्या. या वेळी व्याही फार बोलले नाहीत. सर मात्र तयारीनं आले होते, घरूनच टिपणं काढून आणलेली. वागणूक या हेडिंगची त्यांनी दोन हेडिंगं केली होती, जावयांची वागणूक आणि मुलीची वागणूक. माझ्यापुढं पॅड सरकवलं. आणि मी, हे लिहायला लाज वाटते पण लिहितो, मी पेनाचं टोपण काढलं आणि पहिलं हेडिंग लिहिलं. वडील समोर बसले होते. ते काही बोलतील म्हणून मी थांबलो होतो, आणि बहुतेक मी काही बोलेन म्हणून ते थांबले होते.

तेवढ्यात वैशू बाहेर आली. चहाची हाक झालेली नव्हती, हातात ट्रे नव्हता. ओला हात पदराला पुसत ती आली आणि सतरंजीच्या कडेला, उजवा कान सरांकडं होईल अशी बसली.

"सर, जुना कागद बघू."

सरांनी वडिलांकडं पाहिलं. वडिलांनी पाकीट पुढं केलं. वैशूनं कागद बाहेर काढला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, सह्यांसकट. तोपर्यंत तिनं तो कधी पाहिलाच नव्हता. आमच्यातल्या कुणाला तो तिला दाखवावासा वाटला नव्हता.

"सर, दादा मला तुमची ती किल्ल्याची गोष्ट सांगायचा. जो दार उघडतो तो कलमं पाडतो. तोच सही करतो. बरोबर?"

"बरोबर," सर म्हणाले. शिकवताना व्हायचा तसा त्यांचा चेहरा खुलला.

"मग यात माझी सही कुठंय?"

सर समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाळ, बैठकीत तशी पद्धत नसते. मुलीच्या वतीनं वडील करतात."

"कान वडिलांचा गेला का?"

जावई मोबाईलमधून मान वर करून बघायला लागला. व्याही म्हणाले, "हे पाहा, हेच. हे उलट बोलणं. आता तुम्हीच काय ते ठरवा, सर."

वैशूचा आवाज चढला नाही. "मी काही लिहून दिलेलं नाही. मी काही कबूल केलेलं नाही. नांदायला पाठवायचं असेल तर ज्यांच्या सह्या आहेत त्यांना पाठवा." तिनं कागद पाकिटात घातला, पाकीट वडिलांच्या मांडीवर ठेवलं आणि आत गेली.

विहिरीवर दोघा भावांच्या सह्या घेणाऱ्या माणसाला, इतक्या घरांत जाऊनही, इतक्या मुलींपैकी एकीची सही घ्यावी असं कधी वाटलं नव्हतं. तशी पद्धत नव्हती. आणि आम्हालाही वाटलं नव्हतं, हे कुठं लपवू? आम्ही दोन पुरुष त्याच घरात राहत होतो.

सर वडिलांना म्हणाले, "मुलगी आत्ता रागात आहे. तुम्ही सही करा, आपण कागद करून ठेवू. नंतर समजूत घालता येईल." वडिलांनी नुसती मान हलवली. ती हो होती का नाही, हे कुणाला कळलं नाही. मी पेनाला टोपण लावलं. त्या दिवशी माझ्याकडून झालं ते एवढंच, त्याची काही फुशारकी नाही. मंडळी उठली, गाड्या गेल्या, आणि सर चहा न घेता बॅग खांद्याला लावून पायी निघून गेले.

पुढं कोर्टात जे व्हायचं ते झालं, घटस्फोट मिळायला दोन वर्षं लागली. वैशू आता एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. कानाला मशीन लावते. सकाळी सात वाजता डबा घेऊन निघते, संध्याकाळी दमून येते आणि माझ्या बायकोशी टीव्हीवरून भांडते. वडिलांनी त्या कागदाचं काय केलं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. नात्यातले लोक वर्षभर आमच्याकडं जेवायला आले नाहीत, मग हळूहळू यायला लागले.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या महिन्यात, समाजाच्या वधू-वर मेळाव्यात. मेव्हणीच्या मुलासाठी स्थळं बघायला आम्ही गेलो होतो, वडील आणि वैशूही होती. मंगल कार्यालय खच्चून भरलेलं. तिथं सरांचा सत्कार होता, हे गेल्यावर कळलं. शाल, नारळ, फेटा, सगळं रीतसर. सरांच्या पंचाहत्तरीची नांदीच ती. सूत्रसंचालक मानपत्र वाचत होता. त्यात एक वाक्य आलं, की सरांच्या बैठकीतून सासरी गेलेली एकही लेक आजवर माघारी आली नाही.

माझ्या शेजारी वैशूनं हात वर केला. वर्गात करतात तसा, सरळ. सरांचं लक्ष गेलं आणि चाळीस वर्षांची सवय, त्यांनी बोट करून म्हटलं, "हं, तू. बोल."

वैशू उभी राहिली. "सर, मी आले माघारी. मानपत्रात ते वाक्य चुकीचं आहे."

पुढच्या रांगा वळून बघायला लागल्या. सूत्रसंचालक हसून काहीतरी म्हणाला. सरांनी डोळ्यांवर हात आडवा धरून वैशूकडं बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि विचारलं, "कोणाची गं तू?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. दोनदा आमच्या घरी येऊन गेलेला माणूस. वैशूनं वडिलांकडं बोट केलं आणि खाली बसली. सूत्रसंचालकानं पान उलटलं, पुढचं वाचलं, आणि टाळ्या झाल्या.

जेवणाची रांग लागली तेव्हा सर आमच्याकडं आले. खांद्यावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्या हातानं बॅग सावरत. मागं त्यांच्या बायको होत्या, त्या वैशूकडं बघून हसल्या. सरांनी वैशूला पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि वडिलांसमोर उभे राहिले. आवाजात तीच माया, तीच फुकटची.

"आठवलं मला. कळवण. अहो, अजून काही बिघडलेलं नाही. मुलानं दुसरं लग्न केलेलं नाही, मी आत्ताच चौकशी केली. तुम्ही हो म्हणा, एकदा बसू. मिटेल."

वडील आता थकलेत, सरांच्याच वयाचे आहेत. त्यांनी हातातली रिकामी ताटली वैशूकडं दिली आणि म्हणाले, "मला काय विचारता, सर. तिला विचारा."

सर वैशूकडं वळले. ती दोन ताटल्या हातात धरून उभी होती, मशीनचा कान त्यांच्याकडं करून, ते काय म्हणतात ते ऐकायला. सरांचं तोंड उघडलं. त्यांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. रांग पुढं सरकली, मागची माणसं खोळंबली, तरी सर तिच्यासमोर तसेच उभे राहिले. तिला मात्र त्यांनी काही विचारलं नाही.